एकतिसावी नळी

“ही ओळ काढून टाक,” हेर्लेकर सर म्हणाले.

पडद्यावर चाळीस ओळी होत्या. एकेका ओळीत एकेका बाईच्या लाळेचा आकडा. सरांचं बोट एकतिसाव्या ओळीवर टेकलं होतं.

“सर, मी तीनदा तपासलंय,” मी म्हटलं. “तिन्ही वेळा नवी पट्टी घेतली. आकडा तोच येतो.”

“म्हणजे नमुनाच खराब आहे. बाईनं चूळ नीट भरली नसेल, नाहीतर हिरडी सुजली असेल. चाळीस निरोगी माणसांत एखादं असं निघतंच.”

“निरोगी आहे असं ती म्हणाली, सर. आपण तिचं तोंड उघडून कुठं पाहिलंय?”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. रागावले की ते आवाज चढवत नसत, चष्मा पुसत. “पद्मजा, तू डॉक्टर नाहीस. मीही नाही. वीस तारखेला कंपनीची माणसं येतायत. रुग्णांचे आकडे एका बाजूला, निरोग्यांचे दुसऱ्या बाजूला, असं त्यांना स्वच्छ दिसायला हवं. आणि समज, तू जाऊन त्या बाईला सांगितलंस. न सिद्ध झालेल्या एका पट्टीच्या भरवशावर. उद्या ती घाबरून विहिरीत उडी मारेल. मग?”

तो सोमवार होता. सर त्यांच्या खोलीत निघून गेले आणि मी त्या ओळीकडे बघत बसले.

सोलापुरातली ही गोष्ट आहे, अकरा वर्षांपूर्वीची. शहरातल्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात मी पीएचडी करत होते. साखर तपासायची पट्टी असते ना, तशीच दिसणारी एक पट्टी आम्ही बनवत होतो. फक्त ती रक्तातली साखर नाही, तर लाळेतलं एक प्रथिन हेरायची. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन वाढतं, कधी कधी गाठ हाताला लागायच्याही आधी. पट्टीच्या टोकावर सोन्याच्या कणांचा थर असायचा. कण इतके बारीक, की त्यांचा रंग सोनेरी राहत नाही, डाळिंबाच्या रसासारखा लाल होतो. त्या कणांवर आम्ही ते प्रथिन पकडणारी प्रतिपिंडं बसवायचो. लाळेतलं प्रथिन येऊन त्यांना चिकटलं की पट्टीतून वाहणारी वीज कमी व्हायची आणि पडद्यावरच्या आलेखाचा उंचवटा बसायचा. निरोगी माणसाचा उंचवटा टोकदार, रुग्णाचा बसका. एकतिसाव्या नळीचा उंचवटा तिन्ही वेळा पार बसला होता.

सर वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं. तेव्हाच अकरा वर्षं ते या एका पट्टीमागे होते. विडी कामगाराची पोर, इंग्रजी धड बोलता येत नाही, असं म्हणून निवड समितीतल्या दोघांनी माझं नाव खाली ढकललं, तेव्हा सर त्यांच्याशी भांडले होते. पिपेट कशी धरायची इथपासून सगळं मी त्यांच्याकडे शिकले.

निरोगी बायकांचे नमुने गोळा करायची कल्पना मात्र माझी. माझी आई राजव्वा पंचवीस वर्षं विड्या वळत होती. रोज सकाळी शंभरेक बायका तयार विड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत यायच्या. त्यातल्या तंबाखू न खाणाऱ्या चाळीस जणी आईनं मला जमवून दिल्या. मी शाखेच्या ओट्यावर बसून त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवला. त्यात छापलं होतं की वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत. ते वाक्य मी वाचलं आणि मागून आवाज आला.

“म्हणजे? थुंकी आमची आणि कळणार तुम्हाला?”

ती बालामणी गड्डम. चाळिशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, आवाज मात्र शाखेच्या फाटकापर्यंत जाणारा. खराब म्हणून विड्या जास्त छाटल्या की मुकादमाशी रोज भांडणारी.

“तसा नियम आहे, अक्का.”

“नियम राहू दे. तू सांगशील का नाही, ते बोल.”

बायका उठून जातील अशी मला भीती वाटली. “सांगेन की,” मी म्हटलं. “काही निघालं तर मी स्वतः येऊन सांगेन.”

मग सगळ्यांनी अंगठे उमटवले. नावांची वही सरांच्या कपाटात कुलपात गेली. पण एकतिसावी नळी कुणाची, हे कळायला मला वहीची गरज नव्हती. त्या नळीत थुंकतानासुद्धा ती माझ्याशी भांडत होती.

शुक्रवारी दुपारी मी बालामणी अक्काच्या दारात उभी राहिले.

ती उंबऱ्याच्या आत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओली पानं. वर न बघता तिनं विचारलं, “कशाला आलीस?”

“अक्का, तुझ्या तपासणीचं सांगायला आले.”

बोटं थांबली नाहीत. “सांग की.”

“आकडा जास्त आलाय.”

“म्हणजे मला कॅन्सर झालाय, असं बोलालीस का तू?”

“नाही. ते मला माहीत नाही. आमची पट्टी बरोबर सांगते का, तेही अजून नक्की माहीत नाही.”

“मग तुला माहीत काय आहे?”

“तीनदा बघितलं. तिन्हीदा आकडा जास्त. आजारी माणसांचा येतो तेवढा. डॉक्टरला तोंड दाखवायला पाहिजे, एवढंच माहीत आहे.”

तिनं हातातली विडी पुरी वळली, दोरा बांधला, नखानं टोक आत दाबलं. मग सूप खाली ठेवलं.

“अक्का, तू तंबाखू खात नाहीस म्हणालीस.”

“नाहीच खात.”

“मिसरी?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी मीठ खातेस का असं विचारलं होतं. “मिसरी काय खायची असते का? दात घासायची असते ती. लग्नाच्या आधीपासून घासते. दिवसातून चारदा.”

आमच्या छापील प्रश्नांत ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं होतं. तंबाखू भाजून दातांना लावता का, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तरी विचारायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या आजीच्या कनवटीला मिसरीची डबी असायची.

“दुखतं का कुठं?”

“दुखत असतं तर तुझी वाट बघत बसले असते का?” ती उठली, पदर झटकला. “चल. कुठं जायचं ते दाखव.”

मी तिला एका दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन गेले. तिथला डॉक्टर माझ्याच वयाचा असेल. दुखत नाही, रक्त येत नाही, गिळायला त्रास नाही, मग आलात कशाला, असं त्यानं विचारलं. मी पट्टीचं सांगितलं. तो हसला नाही, पण न हसायला त्याला कष्ट पडले.

“मॅडम, असले सेन्सर दर महिन्याला नवीन निघतात. पेपरात छापून येतात आणि तिथंच राहतात.” त्यानं बॅटरी घेऊन तिच्या तोंडात पाहिलं. जीभ, दोन्ही गाल, टाळू. मिनिटभर. “मिसरीचे डाग आहेत. बाकी काही नाही. मिसरी बंद करा. जा.”

मला कुठं तोंड लपवू असं झालं. सर म्हणाले ते खरंच होतं. मी उठले. अक्का खुर्चीतून हलली नाही.

“लिहून द्या,” ती म्हणाली.

“काय लिहून देऊ?”

“ह्या बाईच्या तोंडात काही नाही म्हणून. तारीख घाला, खाली सही करा.”

“आजी, बाहेर रांग आहे.”

“आजी कुणाला बोलता? सेहेचाळीस वय आहे माझं. दिवसाला हजार विड्या वळते. आज दुपारपासून एक वळली नाही. मी काय करमत नाही म्हणून आले का इथं? ही पोरगी माझ्या गल्लीतली. हिनं तीनदा बघितलं. तुम्ही एकदा बघितलं, ते पण घाईत. काही नसेल तर लिहून द्यायला काय होतंय?”

डॉक्टरनं पेन उचललं. केसपेपरवर टेकवलं. आणि लिहिता लिहिता थांबला. मला आजही त्याचं तेच आठवतं, की त्याला सही करता आली असती आणि त्यानं केली नाही. “थांबा,” असं पुटपुटत तो आत गेला आणि त्याच्या मॅडमना घेऊन आला.

डॉक्टर मेहजबीन पीरजादे पन्नाशीच्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. हातमोजे चढवले, अक्काला निळ्या औषधानं चूळ भरायला लावली, मग साध्या पाण्यानं. छोटा आरसा घेऊन त्या खालच्या अगदी शेवटच्या दाढेमागे पोचल्या आणि तिथेच थांबल्या.

“इकडे ये,” त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या. “हे बघ.”

दाढेमागे, हिरडी जिथं गालाला मिळते तिथं, मसुराच्या डाळीएवढा एक ठिपका निळाच राहिला होता. बाकी सगळीकडचा रंग धुऊन गेला होता; बिघडलेली जागाच तो धरून ठेवते.

तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर होता. पण वरच्या थरातच, खाली उतरलेला नव्हता. “सहा महिन्यांनी आला असतात तर जबडा काढावा लागला असता,” पीरजादे मॅडम म्हणाल्या. अक्कानं त्यांना ऑपरेशनची तारीख विचारली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाकीच्या एकोणचाळीस जणींचं काय?”

अहवालाची प्रत घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली. 

“तिचं नशीब,” ते म्हणाले. “पण पद्मजा, तू नियम मोडलास. गोपनीयता मोडलीस. आता मला हे नैतिकता समितीला कळवावं लागेल. नाही कळवलं तर सगळा प्रकल्प बंद होईल.”

“सर, आपली पट्टी बरोबर निघाली.”

“एकदा! एकदा बरोबर निघणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलंय.” चष्मा पुसायला त्यांनी हातही उचलला नाही. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

समितीची बैठक पुढच्या पंधरवड्यात, एका सोमवारी सकाळी अकराला ठरली. पाच सदस्य, अध्यक्ष निवृत्त प्राचार्या वैजयंती सबनीस. टेबलावर माझ्या नावाचं माफीपत्र टाइप करून ठेवलं होतं. त्याचं मला आधीच कळलं होतं आणि घरी मी ते आईला सांगितलंही होतं. ‘निष्कर्ष अनधिकृतपणे उघड केल्याबद्दल मी बिनशर्त दिलगिरी व्यक्त करते.’ सही केली की प्रकरण मिटणार होतं. पाठ्यवृत्ती सुरू राहणार, शोधनिबंधात माझं नाव पहिलं येणार. सर खिडकीजवळ बसले होते. त्यांनी डोळ्यांनीच मला खूण केली, कर सही.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. शिपाई दार अडवून उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बायका आत येत होत्या. तीसएक तरी असतील. सगळ्यांत पुढे बालामणी अक्का, पदर तोंडाभोवती घट्ट गुंडाळलेला. ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. तोंडात टाके होते, बोलायला बंदी होती. तिनं माझ्या आईचं मनगट धरून तिला पुढं ओढलं.

माझी आई मुकादमापुढेसुद्धा मान वर करत नसे. छाट जास्त निघाली तरी गप्प घरी यायची.

“आमची थुंकी परत द्या,” आई म्हणाली.

“काय?” सबनीस मॅडमनी विचारलं.

“चाळीस जणींची थुंकी ह्या कॉलेजात आहे. आमची आहे ती. त्यात काय निघालं ते सांगा. सांगणार नसाल तर थुंकी परत द्या. आम्ही दुसरीकडं नेऊन तपासतो.”

एक सदस्य हसला. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू विरलं.

“बाई, तुम्ही संमतीच्या कागदावर अंगठा दिलाय,” दुसरा म्हणाला. “त्यात स्पष्ट लिहिलंय.”

“कागद तुमचा. आम्हाला वाचता येत नाही. ह्या पोरीनं तोंडानं सांगितलं, येऊन सांगेन. त्याच्यावर आम्ही अंगठा दिला.” आईची मान आता वर होती. “आणि ती आली. आता तुम्ही तिला माफी कशाची मागायला लावताय?”

सबनीस मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही असं सांगितलं होतं?”

“हो, मॅडम.”

“मग या कागदाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

मी माफीपत्र हातात घेतलं. आदल्या दिवसापासून काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. त्यातलं काहीच मी बोलले नाही.

“मॅडम, मी माफी मागणार आहे. पण या कागदावर लिहिलंय त्याची नाही. सरांनी त्या सोमवारी एकतिसावी ओळ काढायला सांगितली. मी ती काढली. सर खोलीत गेल्यावर पाच मिनिटांत काढली. एकोणचाळीस ओळींचा नवीन आलेख केला आणि तो फार छान दिसत होता. बालामणी अक्काकडे मी गेले शुक्रवारी. मधले चार दिवस मी ओळ काढलेलीच होती. नळी कुणाची आहे ते मला माहीत होतं आणि तरी काढली होती. त्याची माफी मागते. या सगळ्यांसमोर मागते. सांगितलं त्याची मागणार नाही. आज नाही आणि कधीच नाही.”

कागद मी टेबलावर पालथा ठेवला. सर खिडकीबाहेर बघत होते. अक्काचे फक्त डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मला कळलं नाही.

बायका परत गेल्या नाहीत. व्हरांड्यात भिंतीला पाठ टेकून बसल्या. कुणी कुणी सूपच आणलं होतं, तिथंच पानं कापायला लागल्या. साडेचार वाजता सबनीस मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, चाळीसच्या चाळीस जणींची दातांच्या डॉक्टरांकडून तपासणी होईल, आणि ज्यांना हवाय त्यांना आकडाही कळेल.

तपासणी झाली. आणखी दोघींचे आकडे जरा वर होते. एकीच्या हिरड्या सुजलेल्या निघाल्या, दुसरीला काहीच नव्हतं. आणि जिचा आकडा अगदी नीट होता, तिच्या गालात पांढरा चट्टा सापडला. वेळेवर उपचार झाले. पण पट्टीनं तो पकडला नव्हता, हेही खरं. पट्टी अजून कच्ची होती. सर म्हणत होते तशीच.

माझी पाठ्यवृत्ती थांबली. शोधनिबंध एकोणचाळीस निरोगी बायकांच्या आकड्यांवर छापून आला, त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. मार्गदर्शक बदलायच्या अर्जावर सरांनी सही केली. दुसऱ्या मार्गदर्शकांकडे मला आणखी अडीच वर्षं लागली. माझ्या प्रबंधात चाळीस ओळी आहेत. पुढे प्रश्नावलीत मिसरीचा प्रश्न आला आणि संमतीच्या कागदातलं ते वाक्यही बदललं.

बैठकीनंतर सहा आठवड्यांनी अक्काची जखम भरली आणि तिला बोलायची परवानगी मिळाली, तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं. शब्द जरा ओढल्यासारखे येत होते. ते पुढं तसेच राहिले.

“ते चार दिवस,” ती म्हणाली. “काय केलंस त्या चार दिवसांत?”

“काही नाही. जेवले. झोपले. कॉलेजला गेले.”

“मग शुक्रवारी कशी आलीस?”

“सकाळी तू आमच्या दारावरून चालली होतीस. विड्यांची टोपली डोक्यावर. कुणाशी तरी भांडत होतीस. पार गल्लीच्या टोकापर्यंत तुझा आवाज येत होता.”

ती हसली आणि लगेच गालावर हात दाबून थांबली. मग हसणं पुसून टाकल्यासारखं गेलं.

“त्या दिवशी मी गप्प गेले असते तर?”

मी खाली बघितलं.

“गप्प बसू नकोस, पोरी. बोल.”

“तर मी आले नसते, अक्का.”

तिनं गालावरचा हात काढला. मग मान हलवली.

“हां,” ती म्हणाली. “आता खरं बोललीस.”